‘देवाने तुला मोडलं’ : ख्रिस्ती शिकवण नक्की काय म्हणते?

उंबरठा
मंडळी, धागा जरा वैयक्तिक आहे, पण प्रश्न शिकवणीचा आहे म्हणून इथे काढतेय.

माझा नवरा जाऊन अकरा महिने झाले. आजार नाही, अपघात नाही, झोपेत गेला. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एक वडीलधाऱ्या बाई आहेत, मी त्यांना मावशी म्हणते. दर आठवड्याला येतात, मनापासून प्रार्थना करतात. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. म्हणजे नव्हती. परवा माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "देवाने तुला मोडलंय, कारण त्याला तुला घडवायचंय. ज्याला तो वापरतो त्याला आधी मोडतो." मी मान डोलावली. त्या गेल्यावर खिडकीपाशी बसले. तिथे याचा चष्मा अजून तसाच ठेवलाय, एक काडी उघडी, एक मिटलेली. आणि डोक्यात आलं, म्हणजे मला घडवायला याला नेलं? असं कोणतं मोठं काम अडलंय माझ्यावाचून?

मी जन्माने ख्रिस्ती, पण शास्त्राचा अभ्यास म्हणाल तर रविवारपुरता. भग्न हृदय, नवी उत्पत्ती हे शब्द लहानपणापासून कानावर आहेत. कधी उलगडून पाहिले नाहीत.

तर प्रश्न दोन. माणूस मोडल्याशिवाय बदलत नाही, असं ही शिकवण खरंच म्हणते का? आणि मोडतो कोण?

सांत्वन नको, ते भरपूर मिळालंय. उत्तर द्या.

तिरकस
मी देव न मानणारा, त्यामुळे माझं मत धरू नका. पण ‘वापरतो’ हे क्रियापद ऐकूनच डोकं फिरतं. वापरतात ते हातोडीला.

जुना_करार
उंबरठाताई, दुसऱ्या प्रश्नाआधी पहिला घेतो, तो त्यातल्या त्यात सोपा आहे.

‘भग्न हृदय’ हा शब्दप्रयोग सगळे जिथून उचलतात ते स्तोत्र ५१. देवाला हवा तो यज्ञ म्हणजे भग्न आत्मा, आणि भग्न, अनुतप्त हृदय देव तुच्छ मानत नाही, असं १७ व्या ओवीत आहे. मूळ हिब्रू शब्द ‘निश्बार’, मडकं फुटतं किंवा हाड मोडतं त्यासाठी वापरतात तोच धातू. पण स्तोत्राच्या डोक्यावरची ओळ वाचा. हे दावीदाचं आहे, आणि कधीचं? बथशेबेच्या प्रकरणानंतर नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला तेव्हाचं. तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत पुढे करून मारवलेलं. म्हणजे इथे मोडलं काय? स्वतःबद्दलचा भ्रम. राजा आहे, मला कोण विचारणार, हा ताठा. नाथान त्याला गरिबाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगतो, दावीद त्या श्रीमंतावर संतापतो, आणि नाथान म्हणतो, तो माणूस तूच.

शोकाने फाटलेलं काळीज ही वेगळी गोष्ट. तिच्यासाठी स्तोत्र ३४:१८ आहे. परमेश्वर भग्नहृदयी लोकांच्या सन्निध असतो. नीट बघा, सन्निध असतो असं म्हटलंय. त्याने ती हृदयं भग्न केली असं त्या ओळीत नाही.

तुमच्या मावशींनी या दोन ओव्या एकात एक घातल्या आहेत. पुष्कळ प्रवचनकार तेच करतात.

पाऊलवाट
जुना_करार, तुमचा अभ्यास मोठा आहे, पण तुम्ही फार चिरफाड करता. मोडल्याशिवाय माणूस बदलत नाही हे मी स्वतःवरून सांगतो.

नऊ वर्षांपूर्वी मी रोज प्यायचो. नोकरी गेली तरी प्यायचो. एका रात्री घरी आलो तर मुलीने आतून कडी लावलेली. दार वाजवलं. आतून तिचा आवाज आला, "बाबा, उद्या या." रागावून नाही, अगदी समजूतदारपणे, मोठी माणसं लहानांना सांगतात तसं. सात वर्षांची होती. मी पायरीवर बसलो आणि त्या रात्री काहीतरी तुटलं माझ्यात. दारू सोडवणाऱ्या बारा पायऱ्यांतली पहिलीच पायरी काय आहे? दारूपुढे आपण हतबल आहोत हे कबूल करणं. १९३५ साली ही चळवळ सुरू झाली ती ख्रिस्ती प्रार्थनागटांच्या मुशीतूनच. मी हतबल आहे हे म्हटल्याशिवाय पुढची पायरी नाही.

आणि मेंढपाळाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. कोकरू सारखं पळून जायला लागलं की मेंढपाळ त्याचा पाय मोडतो, बांधतो, आणि बरा होईपर्यंत खांद्यावर घेऊन फिरतो. मग ते कोकरू त्याला कधी सोडत नाही. देवही तसाच.

शंकासुर
ही गोष्ट बायबलमध्ये कुठे आहे? अध्याय, ओवी द्या.

पाऊलवाट
लूक १५.

शंकासुर
लूक १५ मध्ये शंभरांतलं एक मेंढरू हरवतं, मेंढपाळ नव्व्याण्णव सोडून शोधायला जातो, सापडल्यावर आनंदाने खांद्यावर घेतो, घरी येऊन शेजाऱ्यांना बोलावतो. पाय मोडल्याचं एक अक्षर नाही. ही गोष्ट संपूर्ण बायबलमध्ये कुठेच नाही, प्रवचनांतून फिरत फिरत आली आहे. आणि व्यवहाराने विचार करा हो. कळप चालत असतो. मुद्दाम लंगडं केलेलं जनावर आठवडेच्या आठवडे खांद्यावर वाहणारा मेंढपाळ बाकीच्यांकडे कधी बघणार?

तिरकस
शिवाय पाय मोडल्यावर जे सोडून जात नाही त्याला प्रेम म्हणायचं की पाय मोडलाय म्हणून?

हाडवैद्य
आयडीमुळे गैरसमज नको, खरोखरच हाडांचा डॉक्टर आहे. एक दुरुस्ती माझ्याकडून. ‘मोडलेलं हाड जुळल्यावर आधीपेक्षा मजबूत होतं’ हेही प्रवचनांत फार ऐकू येतं. जुळताना त्या जागी नवीन हाडाची गाठ धरते, काही काळ ती जाड असते. पुढे शरीरच ती घासून मूळ आकारावर आणतं. शेवटी हाड साधारण होतं तेवढंच मजबूत होतं. तेवढं झालं तरी आम्ही खूश असतो.

एक मात्र खरं. हाड वाकडं जुळलं असेल तर कधी कधी ते पुन्हा कापून सरळ बसवावं लागतं. पण ते भूल देऊन, रुग्णाची सही घेऊन. आणि चांगल्या हाडाला कोणी हात लावत नाही.

घंटानाद
डॉक्टरसाहेब, तुमच्या या वाकड्या हाडावरून इग्नाती लोयोला आठवला. आम्हा कॅथलिकांचा लाडका. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय फुटला. हाड बसवलं ते नीट बसलं नाही, म्हणून पुन्हा मोडून बसवलं. त्यानंतर हाडाचा तुकडा गुडघ्याखाली वर आलेला दिसायला लागला, तर या पठ्ठ्याने तो कापून घेतला. का, तर दरबारी घट्ट बूट घातले की वाईट दिसेल! भूल नव्हतीच तेव्हा. गंमत बघा, पाय मोडल्याने माणूस बदलला नाही, पाय मोडूनही मिरवायची हौस शाबूत होती. बदल झाला तो नंतर अंथरुणात पडल्या पडल्या, वाचायला शौर्यकथा नव्हत्या म्हणून ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा हातात आल्या तेव्हा. जन्मभर लंगडला तो लंगडलाच.

तिरकस
घट्ट बुटासाठी हाड कापणारा संत? हा धागा वाचत राहणार आहे मी.

पाऊलवाट
शंकासुर, कोकराची गोष्ट मागे घेतो. तीस वर्षं खरी मानत होतो, वाईट वाटलं. पण मुद्दा मागे घेत नाही. त्याच स्तोत्र ५१ ची आठवी ओवी वाचा, जुना_करार यांनी ती सोयीस्करपणे गाळली. तू जी हाडं मोडलीस ती उल्लासोत, असं दावीद देवालाच म्हणतो. आणि होशेय ६:१, त्यानेच फाडलं आहे, तोच बरं करील. आता सांगा मोडतो कोण?

जुना_करार
पकडलंत. मान्य, गाळली. आणखी भर घालतो, आठव्या ओवीतलं ‘मोडलीस’ आणि सतराव्या ओवीतलं ‘अनुतप्त’ हे हिब्रूत एकाच धातूचे शब्द आहेत, अर्थ ठेचणं. म्हणजे दावीदाच्या लेखी ठेचणारा देवच.

पण म्हणतो कोण हे सोडू नका. दावीद स्वतःबद्दल म्हणतो. होशेयात लोक स्वतःबद्दल म्हणतात. ‘देवाने मला मोडलं’ हे प्रथमपुरुषी वाक्य म्हणजे कबुली. तेच द्वितीयपुरुषी केलं, ‘देवाने तुला मोडलं’, की तो निवाडा होतो. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र बरोबर हेच करत होते. पहिले सात दिवस नुसते शेजारी बसले तेव्हा चांगले होते, तोंड उघडलं आणि बिघडलं. शेवटी देव कोणावर रागावतो? त्या मित्रांवर, ४२:७. ईयोबाने इतका आरडाओरडा करूनही त्याच्यावर नाही.

तुम्ही पायरीवर बसून जे म्हणालात ते तुमचं, त्याला मी हात लावणार नाही.

पाऊलवाट
हे पटलं.

अर्धविराम
वाचनमात्र होते, पण लिहावंसं वाटलं.

मी आधी ज्या मंडळीत होते तिथे ‘तू अजून भग्न झालेली नाहीस’ हे ठरलेलं उत्तर होतं. हिशेबाबद्दल विचारलं, भग्न नाहीस. प्रवचनातली चूक दाखवली, भग्न नाहीस. एका मुलीचा नवरा तिला मारायचा, तिने सांगितलं तर तिलाच सांगितलं, देव तुझा अहंकार मोडतोय, सोस. ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. गाताना एकच हात वर करायची, दुसरा खांदा दुखायचा तिचा. मी चार वर्षं त्या खांद्याशेजारी बसून गायले आहे आणि काही बोलले नाही.

म्हणून ही शिकवण खरी की खोटी हे मला कळत नाही. ती कोणाच्या तोंडात आहे हे मात्र मी आधी बघते. सांगणारा स्वतः कधी मोडलेला दिसला नाही तर उठून येते.

शंकासुर
अर्धविराम, +१. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातला देवाचा सेवक आठवा, ४२:३. चेपलेला बोरू तो मोडणार नाही, मिणमिणती वात विझवणार नाही. मत्तयाने ही ओळ येशूला लावली आहे. बोरू आधीच चेपलेला आहे, वात आधीच मिणमिणतेय. ते कोणी केलं हे सांगितलेलंच नाही. तो काय करणार नाही, एवढंच सांगितलंय.

चाकावरची_माती
मी कुंभारकाम करते, हौस म्हणून सुरू केलं, आता पोटापाण्याचं झालंय. कुंभार आणि माती ही उपमा या विषयात हमखास येते म्हणून दोन शब्द.

लोक यिर्मया संदेष्ट्याचा १८ वा अध्याय वाचतात, पुढचा १९ वा वाचत नाहीत. १८ मध्ये चाकावरचं भांडं कुंभाराच्या हातात बिघडतं आणि तो त्याच मातीचं दुसरं करतो. हे रोज होतं. ओली माती चाकाच्या मधोमध बसली नसेल तर भिंत वर ओढताना ती डुलायला लागते आणि एका क्षणी बसकण मारते. त्यात राग-बिग काही नसतो. तारेने कापायची, मळायची, पुन्हा चाकावर. मातीला मोडलं असं माझ्या मनात येतच नाही, कारण ती अजून माझ्या हातातच असते.

१९ मध्ये भाजलेली सुरई आहे. यिर्मया ती लोकांसमोर फोडतो आणि ओवी स्पष्ट म्हणते, ही पुन्हा जोडता येत नाही. ते खरंच आहे, भाजलेल्या मातीत पाणी घाला, ती मऊ होत नाही. ‘देव मोडून घडवतो’ म्हणणारे पहिलं चित्र डोळ्यांपुढे ठेवतात, पण ज्याचं माणूस गेलंय त्याला दुसरं दिसत असतं.

बाकी आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, अर्थ काढू नका. भाजून फुटलेल्या भांड्याचा चुरा आम्ही फेकत नाही. कुटून, चाळून नव्या मातीत मिसळतो. त्याने माती सुकताना कमी आकसते, भट्टीत तडकायची भीती कमी होते. हाताला मात्र खरखरीत लागते. मोठी भांडी त्याशिवाय टिकत नाहीत.

तिरकस
"अर्थ काढू नका" म्हणून असलं काहीतरी टाकायचं! आता पुढच्या रविवारी हे चार ठिकाणी ऐकू येणार. चला, निदान ते फुटलेल्या कपाला सोनं लावायचं जपानी उदाहरण अजून आलेलं नाही.

घंटानाद
मी टंकतच होतो. पुसलं.

पानगळ
अवांतर: जोडण्या-मोडण्याची ही सगळी चर्चा ज्या भाषेत चाललीय तिने आपल्या भक्तिकाव्याला नाव दिलं ‘अभंग’. बाकी चालू द्या.

जुना_करार
पानगळ, अवांतर नाहीच हे. शब्दांनी आपली मोठी दिशाभूल केली आहे. मराठी बायबलमध्ये ‘पश्चात्ताप करा’ असं येतं. पश्चात् ताप, नंतरचा जाळ. पण ग्रीकमध्ये तिथे ‘मेतानोइया’ आहे, म्हणजे मन बदलणं, वळणं. त्यात जाळ असेलच असं नाही. येशूला पकडून देणाऱ्या यहूदाला यातना झाल्या, त्याने चांदीची नाणी परत नेऊन टाकली. मत्तय तिथे वेगळं क्रियापद वापरतो, पस्तावण्याचं. पेत्रही त्याच रात्री येशूला ओळखत नाही म्हणाला आणि मोडला, बाहेर जाऊन ढसाढसा रडला. दोघेही भग्न. मग फरक कुठे पडला?

योहानाने तो फार बारकाईने दाखवलाय. पेत्र नाकारतो तेव्हा कोळशाच्या शेकोटीपाशी उभा असतो, १८:१८. पुनरुत्थानानंतर येशू किनाऱ्यावर त्याला भेटतो तेव्हाही कोळशाचाच विस्तव असतो, २१:९. तो ग्रीक शब्द अख्ख्या नव्या करारात या दोनच ठिकाणी आहे. तीनदा नाकारलं, तीनदा प्रश्न, माझ्यावर प्रीती करतोस का. येशू त्याला पुन्हा मोडत नाही. त्याच वासापाशी परत आणतो फक्त. यहूदा त्या दुसऱ्या विस्तवापर्यंत पोचलाच नाही.

म्हणून उंबरठाताई, पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: मोडण्याने माणूस बदलत नाही. मोडून काही जण कडू होतात, काही संपतात. मोडल्यावर कोण भेटतं, यावर सगळं आहे.

घंटानाद
आमच्याकडे कबुलीसंस्कारात जो अनुताप म्हणतात त्याचा लॅटिन शब्द ‘काँत्रीत्सिओ’, शब्दशः ठेचून चुरा होणं. नुसत्या शिक्षेच्या भीतीचा तो ‘अत्रीत्सिओ’, घासलं जाणं. १५५१ मध्ये कॅथलिक चर्चच्या त्रेंत इथल्या परिषदेने या दोन्हींची रीतसर फोड केली. अपूर्ण का असेना, घासलेल्यालाही दार उघडं ठेवलं. मला हे आवडतं. सगळ्यांनाच एकदम चुरा होणं जमत नाही.

शंकासुर
आणि त्याआधी १५१७ मध्ये आमच्या, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या, लूथरने आपल्या पंचाण्णव प्रबंधांतल्या पहिल्याच मुद्द्यात म्हणून ठेवलं की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं. एकदा मोडलो, झालं, असं नाही.

घंटानाद
‘आमच्या’ लूथरने. असो, धागा चांगला चाललाय, पाचशे वर्षांचं भांडण इथे नको.

पानगळ
रूपांतराबद्दल कोणी बोललंच नाही, सगळे मोडण्यातच अडकलात. पौलाचं रोमकरांस पत्र, १२:२, मनाच्या नवीकरणाने आपलं रूपांतर होऊ द्या. ते क्रियापद नव्या करारात चारदाच येतं, त्यात दोनदा डोंगरावर येशूचं रूप पालटलं त्या प्रसंगात. पौलाने ते कर्मणी आणि चालू काळात वापरलंय. म्हणजे होऊ द्या, होत राहू द्या. एका रात्रीत नाही आणि आपल्या जोरावरही नाही.

साक्षी ऐकताना वाटतं, अमुक तारखेला मोडलो, अमुक तारखेला बदललो. ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत लिहिणारा जॉन न्यूटन बघा. १७४८ मध्ये वादळात जहाज बुडता बुडता वाचलं, तो आपलं परिवर्तन तिथून मोजायचा. आणि त्यानंतर गुलाम वाहणाऱ्या जहाजांचा कप्तान झाला! १७५४ पर्यंत ते करत होता. त्या व्यापाराविरुद्ध जाहीर लिहिलं ते १७८८ मध्ये. चाळीस वर्षं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा, पण त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की पुढची काही वर्षं ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. अकरा महिन्यांत कोणी कोणाकडून घडून दाखवायची अपेक्षा करू नये, एवढंच.

हाडवैद्य
याकोबाचं राहिलं. उत्पत्ति ३२, रात्रभर देवाशी झोंबी, जांघेचा सांधा निखळला, नवं नाव मिळालं, आणि सूर्य उगवला तेव्हा लंगडत निघाला. निखळलेला सांधा नंतर बसला असं कुठे लिहिलेलं नाही. आशीर्वाद मिळाला पण लंगडणं गेलं नाही. माझ्या पेशाच्या दृष्टीने अपयशी केस, पण मला ते प्रामाणिक वाटतं.

उंबरठा
सगळ्यांचे आभार. दोनदा वाचला सगळा धागा. चाकावरची_माती, तुमचा एकोणिसावा अध्याय माझा आहे.

काल मावशी आल्या होत्या. धीर करून विचारलं, "मावशी, देवाने मोडलं हे तुम्हाला कसं कळलं?" रागावतील वाटलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, त्यांचा पहिला मुलगा चार वर्षांचा असताना गेला. मला माहीतच नव्हतं. तेव्हाच्या पाळकांनी त्यांना हेच वाक्य सांगितलं होतं. म्हणाल्या, "एकतीस वर्षं मी त्या वाक्यावर उभी आहे गं. ते खोटं असेल तर तो कशासाठी गेला?"

माझ्याकडे ईयोब, बोरू, कोळसे सगळं तयार होतं. काहीच बोलले नाही.

आता तुम्हीच सांगा.

पाऊलवाट
बरं केलंत बोलला नाहीत.

जुना_करार
माझ्याकडेही उत्तर नाही. विलापगीत ३:३२ आणि ३३ दोघींनी मिळून वाचून बघा. बत्तिसावी ओवी म्हणते, तो दुःख देतो तरी दया करतो. तिथे मावशी उभ्या आहेत. तेहतिसावी म्हणते, तो माणसांना मनापासून पीडा देत नाही. हिब्रूत अक्षरशः ‘हृदयापासून नाही’ असं आहे. तिथे तुम्ही. ज्याने लिहिलं त्याच्यासमोर अख्खं शहर जळून गेलेलं होतं, आणि त्याने दोन्हीतलं एकही खोडलं नाही.

अर्धविराम
त्या मुलाचं नाव विचारलंत का मावशींना?

उंबरठा
नाही. सुचलंच नाही. पुढच्या वेळी विचारते.

तिरकस
मंगळवारी येतात की बुधवारी? कळवा इथे.